पाळणाघराच्या वेटिंग लिस्टसाठी आधीच पैसे मागतात, द्यावे का? (जळगाव)

हिशेबनीस_जळगाव

नमस्कार. मुलगी चार महिन्यांची आहे. माझी रजा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात संपतेय. मी एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. नवरा भुसावळला रेल्वेत, ड्युटी शिफ्टची. सासूबाई यावलकडे गावी. केळीची बाग आणि दोन म्हशी टाकून त्यांना येता येत नाही, आणि आल्या तरी आमचा तिसरा मजला त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. माझी आई नाही.

म्हणून पाळणाघर. वर्षाच्या आतलं बाळ दिवसभर सांभाळणारी ठिकाणं शहरात मला तीनच सापडली. बाकीचे "दीड वर्षानंतर आणा, चालायला लागलं की" म्हणतात.

पहिल्या ठिकाणी मी सातव्या महिन्यातच नाव घातलं. नोंदणीचे २५०० रुपये, परत मिळणार नाहीत. फॉर्मवर मुलाचं नाव विचारलं होतं, तिथे मी "बाळ" लिहून पुढे आडनाव टाकलं. सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही. ओटी भरायच्या आधी कुठल्या वहीत नाव कशाला, म्हणाल्या. तेव्हा मी हसले होते.

दुसऱ्या ठिकाणी ४००० दिले. प्रवेश झाला तर पहिल्या महिन्याच्या फीमध्ये धरतील, नाही झाला तर गेले. आता तिसऱ्या ठिकाणाहून फोन आलाय. तान्ह्या बाळांची यादी वेगळी, तिचे ५०००, आणि शनिवारपर्यंत भरा नाहीतर नाव घेणार नाही.

गेल्या आठवड्यात पहिल्या ठिकाणी जाऊन विचारलं, "मॅडम, माझा नंबर कितवा?" बंगल्याचा तळमजला आहे. आत ओळीने आठ पाळणे, कोपऱ्यात वाळ्याचा कूलर, स्वच्छ जागा, बाया प्रेमळ. मॅडमनी फुलस्केप वही काढली, उघडली, आणि नावांवर हात आडवा ठेवून मला म्हणाल्या, "होईल हो ताई, काळजी करू नका." नंबर सांगितला नाही. हाताच्या वर-खाली मला दिसलं तेवढ्यात भरलेली दोन पानं होती. एका पानावर पंचवीस ओळी धरल्या तर पन्नास नावं. पन्नास गुणिले अडीच हजार, सव्वा लाख. आणि पाळणे आठ.

घरी आल्यावर मला झोप लागेना ती पैशापायी नाही, खात्यापायी. आमच्याकडे गिऱ्हाइकाने माल उचलायच्या आधी रक्कम दिली, तर ती आम्ही देणं म्हणून दाखवतो. चटई ट्रकवर चढेपर्यंत ते पैसे आमचे नसतात. मग हे २५०० काय आहेत? अ‍ॅडव्हान्स असेल तर जागा न दिल्यास परत यायला हवेत. आणि किंमत असेल तर कशाची? वहीतल्या एका ओळीची?

माझे प्रश्न:
तिसऱ्या ठिकाणी ५००० भरावे का?
पहिल्या दोघांकडून पैसे परत मागता येतात का?
आणि खरी अडचण ही की भांडायचं कसं? ज्या बाईशी आज मी अडीच हजारांवरून वाद घालीन, तिच्याच हातात उद्या माझं लेकरू द्यायचंय.

---

शटलवाली

भुसावळहून. माझं सगळं असंच झालं. तीन ठिकाणी पैसे भरले, एकाचाच फोन आला, आणि तो आला तेव्हा पोरगं अडीच वर्षांचं होऊन बालवाडीत जाऊन राहिलं होतं. मॅडम आनंदाने म्हणाल्या, "तुमचा नंबर लागला!"

५००० भरायच्या आधी तिसऱ्या बाईंना तीन गोष्टी विचार. आता तान्ही बाळं किती आहेत? त्यातली किती या उन्हाळ्यात मोठ्या गटात जाणार? माझ्या पुढे किती जणी? जागा काही आकाशातून पडत नाही. एखादं बाळ मोठं झालं किंवा कुणाची बदली झाली तरच ती रिकामी होते, आणि हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. सांगत नसतील तर समज.

---

जिभाऊ_अमळनेर

आमच्या वेळी घरोघरी आजी हेच पाळणाघर होतं. ना फी, ना वेटिंग. आता सगळ्याचा बाजार झाला.

---

हिशेबनीस_जळगाव

जिभाऊ, मान्य. पण त्या आजीला फी नव्हती म्हणजे तिच्या कष्टाला मोल नव्हतं असं नाही, ते कुणी वहीत लिहिलं नाही एवढंच. माझ्या सासूबाई आजही पहाटे पाचला बागेत पाणी धरायला उठतात. त्यांना मी तिसऱ्या मजल्यावर आणून बसवू?

---

पाळणेवाली_धुळे

मी धुळ्यात छोटं पाळणाघर चालवते, म्हणून दुसरी बाजू सांगते. राग नसावा.

आधी मी यादीचे पैसे घेत नव्हते. आया चार-चार ठिकाणी नावं देतात (त्यांचं काही चुकत नाही), मग एक ठिकाण मिळालं की बाकीच्यांना कळवत नाहीत. माझ्याकडे जून महिन्यात एक पाळणा सात आठवडे रिकामा राहिला. मी एकीला फोन करते, ती म्हणते आठवड्यात सांगते. मग दुसरीला, ती माहेरी गेलेली. तोवर मावशींचा पगार चालू, भाडं चालू. तान्ह्या बाळांना हात जास्त लागतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळात आम्हाला काही सुटत नाही. बरेच जण म्हणूनच ती घेत नाहीत.

आता मी असं करते. यादीत नाव फुकट. जागा खरंच रिकामी होणार असेल तेव्हाच फोन, आणि "घेते" म्हणालात की १००० रुपये, तीन दिवसांच्या आत. ते पहिल्या महिन्यात वळते. तुम्ही आला नाहीत तर ते माझे, कारण तेवढे दिवस मी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. पैसे जागा धरून ठेवण्याचे. नुसतं नाव लिहायला मला पेनाची शाई लागते, तिचे अडीच हजार होत नाहीत.

आणि हाताने नावं झाकली म्हणता, ते मला पटलं नाही. दुसऱ्याचं नाव दाखवू नये हे बरोबर, पण नंबर सांगायला काय जातं?

---

तारीख_पे_तारीख

ताई, पावती शे का तुमनाजोडे? पहिला प्रश्न तोच. नसेल तर यूपीआयने भरले असतील, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता कायद्याचं. "परत मिळणार नाही" असं छापलं म्हणजे विषय संपला असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये "अन्याय्य करार" ही वेगळी कल्पना आली आहे. एकतर्फी, ग्राहकाला फार तोट्यात टाकणाऱ्या अटी तिच्यात बसतात. पण मेख अशी की अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. अडीच हजारांसाठी कोण जाईल? जिल्हा आयोगाकडे जायचं तर सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा दाखवावी लागते. पावती न देणं हे त्या प्रथांच्या व्याख्येतच आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. समोरचा बऱ्याचदा तिथेच नरमतो.

खरं सांगू का, तुमची केस तशी पातळ आहे. नाव लिहायचे पैसे घेतले आणि नाव लिहिलं, असं ते म्हणतील. शाळा-कॉलेजचं शिक्षण ही "सेवा" नाही असे निकाल आहेत, तेही कुणी तरी पुढे करील. त्यावर उत्तर असं की चार महिन्यांच्या बाळाला तिथे कुणी शिकवत नाही, सांभाळतात. तुमचा मुद्दा एकाच ठिकाणी घट्ट होतो: यादीत पन्नास जण आहेत हे माहीत असून सांगितलं नाही, आणि आशा दाखवून पैसे घेतले. म्हणून आता फोन नको, लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल.

आणि एक. तुमच्या कारखान्यात माणसं किती?

---

हिशेबनीस_जळगाव

कायम आणि कंत्राटी धरून सत्तरच्या वर. बायका अकरा. का?

---

तारीख_पे_तारीख

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करणं ही मालकाची जबाबदारी आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, तेव्हाच हे कलम आलं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पन्नास म्हणजे पन्नास कर्मचारी, पन्नास बायका नव्हेत. इथेच बहुतेक मालक चुकतात, किंवा चुकल्यासारखं करतात. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, हेही त्यात आहे. स्वतंत्र खोलीच बांधली पाहिजे असं नाही, शेजारच्या कारखान्यांनी मिळून एकच सोय केली तरी चालतं.

---

खापरावरची_पुरणपोळी

मी मूळची चोपड्याची, आता कॅनडात, ऑंटारिओ प्रांतात. इथे हेच दुखणं होतं. डे-केअरवाले यादीत नाव घालायला पैसे घ्यायचे, परत नाहीच, आणि लोक घाबरून पाच-सहा ठिकाणी भरायचे. मग सरकारने नियम केला. १ सप्टेंबर २०१६ पासून परवानाधारक केंद्रांना यादीत नाव घालायचे पैसे किंवा डिपॉझिट, दोन्ही घेता येत नाही. यादीचा क्रम कसा लावतात ते लेखी ठेवावं लागतं, आणि पालकाला आपला नंबर कळला पाहिजे, दुसऱ्यांची नावं न दाखवता. वर पाळणेवाली ताई म्हणाल्या तेच, फक्त इथे ते नियमात लिहिलंय.

पण हुरळून जाऊ नका. पैसे बंद झाले म्हणून जागा वाढल्या नाहीत. मी पोटुशी असताना नऊ ठिकाणी फुकट नाव घातलं, मैत्रिणीनेही घातलं. आमचा नंबर लागला तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. निदान वाट बघायचे पैसे पडले नाहीत.

---

शटलवाली

अंगणवाडीचं कुणी बोललं नाही अजून.

---

हिशेबनीस_जळगाव

विचारलं गं. सेविका ताई भल्या आहेत, पण तिथे बसायला तीन वर्षांच्या पुढची मुलं, आणि दुपारपर्यंत. लहानांना लसीकरण, वजन, घरी न्यायचा आहार. "पाळणा" नावाची केंद्राची योजना आहे, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, अंगणवाडीला जोडून. पण आमच्या भागातल्या अंगणवाडीत अजून नाही. शिवाय माझी सहा महिन्यांची व्हायला वेळ आहे.

---

हिशेबनीस_जळगाव (पाच दिवसांनी)

काय झालं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

तिसऱ्या ठिकाणी ५००० भरले नाहीत. शटलवाली ताईचे तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोन्हींची उत्तरं मिळाली, तिसऱ्याला "सिस्टीममध्ये बघावं लागेल." शनिवार गेला. सोमवारी त्यांचाच फोन, अजून चालेल म्हणाल्या. म्हणजे शनिवारची मुदत कशाची होती कोण जाणे.

पहिल्या मॅडमना व्हॉट्सअ‍ॅप केला. चार वेळा लिहिला आणि खोडला. शेवटी एवढाच ठेवला: "मॅडम, तुमच्याकडची जागा मला मनापासून आवडली आहे. मला अमुक तारखेला कामावर जायचं आहे. माझा नंबर कितवा आहे आणि तोपर्यंत जागा होण्यासारखी आहे का, एवढं कळवा. होण्यासारखी नसेल तर नोंदणीचे पैसे परत करता येतील का?" दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला: "तुमचा १९ वा. या वर्षी कठीण. पैसे परत द्यायची पद्धत नाही, पण तुम्ही नीट विचारलंत म्हणून १५०० करते."

पंधराशे आले. "पद्धत नाही" आणि "करते" एकाच मेसेजमध्ये. उरलेल्या हजाराचं मी सोडून दिलं. तारीख दादा रागावतील, पण एकोणीसवा नंबर सातव्या महिन्यात कळला असता तर मी तेव्हाच दुसरीकडे बघितलं असतं, त्या मधल्या महिन्यांचं काय करायचं हे कुठलाही आयोग सांगणार नाही. दुसऱ्या ठिकाणी नंबर सहावा आहे, ते ४००० तिथेच ठेवलेत.

तोवर रोज सकाळी मजल्यावरच्या एक काकू चार तास बघते म्हणाल्यात, आणि नवऱ्याने पुढचे दोन महिने रात्रपाळी मागून घेतलीय. तो झोपणार कधी, हे अजून ठरलेलं नाही.

कारखान्यात अर्ज दिला. आमच्या शेठजींनी आधी "आजवर कुणी मागितलंच नाही" म्हटलं. अकरा बायकांतल्या चौघींची मुलं तीनच्या आतली आहेत. एक आपलं बाळ रोज शिरसोलीला बहिणीकडे सोडून येते, एकीने तर गेल्या वर्षी याच कारणाने काम सोडायचं काढलं होतं. मागितलं कुणी नाही हे खरं. चौघींनी सह्या केल्या तेव्हा शेठजी म्हणाले, खोलीचा खर्च मी एकटा नाही करणार, शेजारची दाल मिल आणि पाइपवाले येत असतील तर बोलू.

म्हणून आता प्रश्न बदलतेय. जळगाव एमआयडीसीत काम करणाऱ्या, तीन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या कुणी इथे आहात का? किंवा तुमच्या कंपनीत असं सामाईक पाळणाघर चालू असेल, तर खोली कुणाची, मावशींचा पगार कोण देतं, आणि मे महिन्यात पत्र्याखाली बाळांना गार कसं ठेवता, एवढं सांगा. यादीचे पैसे घेणार नाही, नंबर सांगेन.