मदत हवी आहे: मुलगा प्रत्येक बॉल डावीकडेच ओढतो, राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला) मारायला कसं शिकवू?

मुलगा ११ वर्षांचा आहे, बेसबॉल खेळतो, उजव्या हाताने बॅटिंग करतो. नजर चांगली आहे, बॅटही जोरात फिरते. आतला, म्हणजे अंगाजवळचा बॉल मिळाला की लेफ्ट फील्डला खणखणीत लाइन ड्राइव्ह (सरळ रेषेत जाणारा जोरकस फटका) जातो. अडचण आहे ती बाहेरच्या बॉलची. तोही तो ओढायलाच जातो, मनगटं लवकर वळतात, बॅट बॉलच्या डोक्यावर बसते आणि शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) मरतुकडा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळणारा बॉल जातो. पिचर्सना हे कळलंय. आता त्याला बाहेरच्या कडेशिवाय बॉलच मिळत नाही.

प्रशिक्षकांनी सांगितलं, "थांब, बॉल येऊ दे." तेव्हापासून तो बॅटच हळू फिरवतो, त्यामुळे आतल्या बॉललाही उशीर होतो. म्हणजे जे जमत होतं तेही बिघडायला लागलंय. टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांडीवर) बॉल ठेवून 'राइटला मार' म्हटलं तर हात पुढे करून बॉल तिकडे लोटतो, फटक्यात जीवच नसतो. त्याचा मूळचा जोरकस स्विंग मला घालवायचा नाहीये. या वयात हे शिकवावं का? आणि शिकवायचं तर सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

माझं मत विचाराल तर एवढ्यात नको. ओढून जोरात मारता येणं हीच मोठी गोष्ट आहे. आधी जोर येऊ द्या, दिशा मागाहून येते.

प्रतिसाद

वरच्या मताशी अर्धाच सहमत. जोर राखायलाच हवा, पण बाहेरचा बॉल ओढण्यात जोर राहतोच कुठे? त्यांनी लिहिलेला शॉर्टस्टॉपचा ग्राउंडर पाहा.

मुळात राइट फील्डसाठी वेगळा स्विंग नसतो. स्विंग तोच, वेगही तोच, फक्त बॉल कुठे गाठायचा ती जागा बदलते. आतला बॉल प्लेटच्या (बॅटरसमोर जमिनीवर बसवलेली पाटी) बराच पुढे गाठायचा, मधला प्लेटच्या पुढच्या कडेपाशी आणि बाहेरचा आणखी मागे येऊ द्यायचा, पुढच्या मांडीच्या समोरपर्यंत. 'थांब' याचा अर्थ स्विंग उशिरा सुरू कर, हळू कर असा नाही. मुलाला हा फरक शब्दांत कळत नाही, डोळ्यांनी दाखवावा लागतो.

टी बाहेरच्या कडेच्या रेषेत, पण मागे सरकवून ठेवा. स्विंग करू नका. मुलाला बॅट सावकाश बॉलला टेकवायला लावा आणि तशीच धरून ठेवायला सांगा. मग बॅटचा जाड भाग कुठे तोंड करून आहे ते त्यालाच बघू द्या. दिसेल की तो सेकंड बेसमनच्या डोक्यावरून जाणाऱ्या रेषेकडे आहे. तीच टी पुढे सरकवा, पुन्हा टेकवा, तोंड डावीकडे वळलेलं असेल. हे त्याने स्वतः पाहिलं की मग पूर्ण जोराने मारू द्या. 'राइटला मार' हे वाक्य मात्र बंद करा, त्यानेच तो लोटतो.

क्रिकेट पाहिलेल्यांना हे लगेच पटेल: ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू मिडविकेटला ओढायला गेलेल्या फलंदाजाचं काय होतं ते आठवा.

प्रतिसाद

त्याआधी दोन गोष्टी तपासा. प्लेट १७ इंच रुंद असते. तो उभा राहतो तिथून वाकून बॅटचं टोक बाहेरच्या कडेपलीकडे टेकतं का? टेकत नसेल तर तो प्लेटपासून लांब उभा आहे आणि कुठलंच शिकवणं उपयोगी पडणार नाही. दुसरं, बॅट जड तर नाही ना? जड बॅट वेळेत आणायला मुलं स्विंग लवकर सुरू करतात, मग थांबणार कसे?

पुढचा खांदाही बघा. तो लवकर उघडला की बॅट बाहेरच्या बॉलपर्यंत नीट पोचत नाही.

आणि या वयात हे शिकवू नये हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतला नामवंत खेळाडू डेरेक जीटर उजव्या हाताचाच बॅटर, ३४६५ हिट्स, आणि राइट फील्डला मारणं ही त्याची ओळख. तिथलाच टोनी ग्विन डावखुरा, म्हणजे त्याची उलटी बाजू डावी; तो शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसमनच्या मधल्या फटीतून काढायचा, ८ वेळा लीगमध्ये सर्वोत्तम बॅटिंग अॅव्हरेज त्याची.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅट टेकवून बघितली, टोक कडेच्या अलीकडेच राहतंय! उद्यापासून जवळ उभा करतो. दोन शंका. राइटला गेलेला बॉल फाउल लाइनकडे (मैदानाच्या कडेच्या रेषेकडे) वळतो, ते चूक आहे का? आणि सेकंड बेसवर रनर असताना प्रशिक्षक राइटला मारायला ओरडतात, पण बॉल आत आला तर?

प्रतिसाद

थोडा वळणारच, काळजी नको. फार वळून हवेत तरंगत गेला तर समजा बॅट बॉलला कापत गेली, हात लोटत होते. सरळ, खालून जाणारी लाइन हवी.

दुसऱ्या शंकेचं: दोन स्ट्राइक होईपर्यंत (तिसऱ्याला बाद) तो आतला बॉल सोडून द्यायची मुभा त्याला द्या, बाहेरच्याची वाट पाहू दे. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र जो येईल तो, जिथे जाईल तिथे. सरावातही जाळीच्या आडून समोरून टॉस करताना आतला-बाहेरचा मिसळून टाका, आधी सांगू नका. व्हिडिओ घेणार असाल तर बाजूने घ्या, बॉल प्लेटच्या किती पुढे किंवा मागे गाठला ते तिथूनच दिसतं.