तोंडी ऑफर आली, आता बाकी कॉलेजांना नाही म्हणायचं का?

प्रश्न: भाचा न्यू जर्सीत अकरावीला आहे, बास्केटबॉल खेळतो. डिव्हिजन वनमधल्या (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) एका कोचने फोनवर 'फुल स्कॉलरशिप देतो' म्हटलंय. हे पक्कं धरायचं का?

उत्तर १: मुळीच नाही. तोंडी ऑफर कुणालाच बांधत नाही. कोच बदलला किंवा ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार खेळाडू मिळाला, की जागा गेली. कोचला सरळ विचारा, 'आज हो म्हटलं तर जागा धरून ठेवाल?' उत्तर गुळमुळीत आलं तर भाचा त्यांच्या यादीत चौथा-पाचवा आहे समजा. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू आणि कॉलेजला बांधणारं सहीचं पत्र, २०२४ मध्ये बंद झालं. आता कॉलेजचा लेखी आर्थिक मदतीचा करार हाच कागद. त्यात मुदत एक वर्षाची की जास्त, आणि ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं यातलं काय धरलंय, हे आधी वाचा.

उत्तर २: मार्कांचं कुणी बोलत नाही, आणि घोळ तिथेच होतो. एनसीएएला (कॉलेज खेळांची नियामक संस्था) डिव्हिजन वनसाठी शाळेतले १६ कोअर, म्हणजे मुख्य अभ्यासाचे, विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) लागतो. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी संपवायचे, पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. त्या दहांचे ग्रेड गोठतात; नंतर पुन्हा परीक्षा देऊन सुधारत नाहीत. एनसीएएने शाळेसाठी मंजूर केलेल्या यादीत नसलेला विषय मोजतच नाहीत.

उत्तर ३: डिव्हिजन थ्री (सर्वात खालचा गट) आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठं) खेळाची स्कॉलरशिप नसतेच. डिव्हिजन टूमध्ये ती तुकड्यांत वाटतात, त्यामुळे खर्चाचा किती टक्का मिळणार ते विचारा.