नागपुरात घराच्या मागच्या जागेत फुलपाखरं यावीत म्हणून काय लावू?

झोपाळा_नागपूर
नमस्कार मंडळी. त्रिमूर्ती नगरात घर आहे, मागे दहा बाय वीस फुटांची मोकळी जागा. सकाळी सावली असते, अकरानंतर मावळेपर्यंत थेट ऊन. झेंडू, गुलाब, पिटुनिया लावलेत. फुलपाखरं येतात, एक घिरटी मारतात आणि शेजारच्यांकडे निघून जातात. मुलगी दुसरीत आहे, तिला अळीपासून फुलपाखरापर्यंत सगळं बघायचं आहे. पाऊस सुरू झालाय, म्हणजे लावायचं तर आत्ताच. उन्हाळ्यात तग धरतील अशीच झाडं सांगा, मे महिन्यात आमच्याकडे पाण्याची बोंब असते.

रुईचं_पान
शेजारच्यांकडे गोडलिंब (कढीपत्ता) किंवा लिंबाचं झाड आहे का ते बघा. बहुतेक असेल.

फुलावर ती फक्त मध प्यायला येतात. त्यातही भरगच्च पाकळ्यांचा झेंडू आणि कलमी गुलाब त्यांच्या फारसे कामाचे नाहीत, पाकळ्यांतून सोंड आत पोचतच नाही. परत परत येतात ती अंडी घालायला. मादी पानावर बसून पुढच्या पायांनी ते चाचपते, चव घेते आणि अळीला चालणारंच झाड निवडते. त्यामुळे आधी अळीचं जेवण लावा, फुलांचं नंतर बघू.

गोडलिंबापासून सुरुवात करा. लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही दोन्ही फुलपाखरं त्यावर अंडी घालायला येतात, झाड कुंडीत असलं तरी. लहान अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. तिला डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढते आणि घाण वास सोडते. मुलीला हे भारी आवडेल. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे तिचा धीर सुटायच्या आत.

बाकी जागेप्रमाणे. भिंतीवर कृष्णकमळाचा वेल चढवा, टॉनी कोस्टर येईल. कुंडीत पानफुटी ठेवा, रेड पिएरोची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते आणि बाहेरून पानाला नुसता फिकट डाग दिसतो. कोपऱ्यात टाकळा आपोआप उगवला तर उपटू नका, पिवळी कॉमन ग्रास यलो त्यावर अंडी घालते. कंपाउंडला उंच सरळ अशोक असेल तर त्याच्या कोवळ्या पानांवर टेल्ड जे शोधा. तो उडताना क्षणभर थांबत नाही, त्यामुळे फुलपाखरापेक्षा त्याची अळी सापडणं सोपं.

संत्रेवाला_काटोल
राजेहो, तुम्ही हौसेनं बोलावून राहिले अन् आम्ही हाकलून राहिलो! हीच लाइमची अळी संत्र्याच्या नवतीवर (कोवळ्या फुटीवर) पडली की रोपवाटिकेतली कलमं बोडकी करते. मोठ्या झाडाला काही होत नाही, पण लहान कलमाला झटका बसतो. म्हणून सांगतो, गोडलिंबाचं एकच रोप आणाल तर अळ्या पानं संपवतील अन् स्वतःही उपाशी मरतील. तीन-चार आणा. एक स्वयंपाकाला, बाकीची त्यांना.

दुसरं म्हणजे नर्सरीतून आणलेल्या रोपावर बहुतेक वेळा औषध मारलेलं असते. काही औषधं मुळातून पानात चढतात, धुऊन जात नाहीत. ते पान खाल्लं की अळी मेली. रोप आणल्यावर जुनी पानं छाटा अन् नवीन फूट येऊ द्या. अन् निंबोळी अर्कही नको. सेंद्रिय असला तरी अळी मारासाठीच असतो तो.

झोपाळा_नागपूर
निंबोळीचा मुद्दा सासूबाईंना वाचून दाखवते, दर रविवारी त्या फवारणी करतात :) आणि रुई, कण्हेर लावावी असंही कुणीतरी सांगितलं होतं. ते कसं?

रुईचं_पान
रुईवर प्लेन टायगर हमखास. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोश चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो. दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत.

दवाखाना_बंद
थांबा जरा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. दुसरीतली मुलगी पानं उलटून अळ्या शोधणार असेल तर कण्हेर घरात नकोच. रुई लावायचीच तर कंपाउंडबाहेर. ती तशीही नागपुरात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर उगवलेली असते, तिथे जाऊन बघा आणि आल्यावर तिचे हात धुवा.

रुईचं_पान
मान्य. वयाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. क्रो वड-उंबरावरही अंडी घालतो, तो बाहेर बघता येईल.

कुलरचं_पाणी
फुलांसाठी जमैकन स्पाइक लावा, बाकी काही नाही लावलं तरी चालेल. निळी छोटी फुलं, फांदी खोचली की जगते, एप्रिलमध्येही फुलते. जोडीला पेंटास आणि साधा एकेरी झिनिया. घाणेरी लावू नका. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं, पण आपल्या जंगलात तिने आधीच पुरेसा उच्छाद मांडलाय.

आता उन्हाळ्याचं. कुलरखाली जे पाणी गळतं ते वाया घालवू नका, तिथेच माती-वाळूचा पसरट खड्डा करून कायम ओला ठेवा. नर फुलपाखरं अशा चिखलातून क्षार शोषतात. पारा पंचेचाळीसला गेला की फुलं नसली तरी ओल बघून ती उतरतात. जास्त पिकलेलं केळं, आंब्याची साल, चिकू एका ताटलीत सावलीत ठेवा. फुलांकडे ढुंकूनही न बघणारे कॉमन बॅरन आणि इव्हनिंग ब्राउन त्यावर येतात. ताटली पाण्याच्या वाटीत ठेवा, नाहीतर मुंग्यांची जत्रा.

झोपाळा_नागपूर
ओळखायची कशी? मला सगळी पिवळी सारखीच दिसतात.

सेमिनरी_हिल्स
पिवळ्यांचं सगळ्यांनाच तसं होतं, ती सोडा. मुलीला एक गंमत दाखवा. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोजसारख्या दिसतात. कॉमन रोज अळीपणी ईश्वरी नावाच्या वेलीची पानं खाऊन विषारी होतो, पक्षी त्याला टाळतात, आणि ही बाई त्याचंच रूप घेऊन फिरते. अंग बघायचं: कॉमन रोजचं लाल, मॉरमॉनचं काळं. घरी गोडलिंब असला म्हणजे ही जवळून दिसेलच.

ऊन अंगावर घेत पंख पसरून बसतात ती सकाळची वेळ फोटोला बरी. मोबाइल घेऊन जाताना सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपा, खालची बाजू नसेल तर ओळख अडते. भरपूर बघायची असतील तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात जा. देशभरचा बिग बटरफ्लाय मंथही सप्टेंबरातच असतो, तुमची नोंद त्यात टाकता येते. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (२०१५ मध्ये जाहीर झालं) लगेच दिसेल अशी आशा मात्र मुलीला लावू नका, ते मुख्यतः सह्याद्रीकडचं.

झोपाळा_नागपूर
सगळ्यांचे आभार. गोडलिंबाची चार रोपं, कृष्णकमळ आणि पानफुटी नक्की. जमैकन स्पाइकची फांदी बहीण देणार आहे. एकच अडचण उरली: दिवाळीआधी भिंतीला रंग द्यायचाय. अळ्या कोश करायला भिंतीवर चढल्या तर?

रुईचं_पान
चढतातच. पूर्ण वाढलेली अळी झाड सोडून दूर जाते. लाइमचा कोश शेपटीकडे रेशमाच्या गादीला चिकटलेला आणि कमरेला धाग्याने बांधलेला असतो. तो ओढू नका. त्याच्या भोवतीची वीतभर जागा सोडून रंग द्या. रंगाऱ्याला आधी सांगून ठेवा आणि खडूने गोल काढा. कोश गडद होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली की एक-दोन दिवसांत रिकामा होतो, मग तेवढा ठिपका मारून घ्या.

संत्रेवाला_काटोल
अन् रंगारी म्हणाला घाण आहे, पुसून टाकतो, तर त्याला दोन मिनिटं चहाला बसवा.