फोन हातात, पण पासवर्ड कुणाकडे?

बाईच्या हाती स्मार्टफोन आला की तिच्या स्वातंत्र्याची निम्मी लढाई जिंकली, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. फोन तिचा, पण ईमेलचा पासवर्ड आणि ओटीपी जाणारा नंबर नवऱ्याचा, हे सर्रास दिसतं. मग बँकेतलं खातंही नावापुरतंच तिचं.

पाळत ठेवायला फार डोकंही लागत नाही. तिचा उघडा फोन मिनिटभर हाती आला, व्हॉट्सअ‍ॅपचा क्यूआर कोड स्कॅन केला, की तिचे मेसेज दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दिसू लागतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'लिंक्ड डिव्हायसेस' अधूनमधून बघाच. अनोळखी काही दिसलं तर तिथूनच लॉगआउट करता येतं. (घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा. पाळत तुटली की समोरचा चवताळू शकतो.)

आणि खासगी फोटो पसरवण्याच्या धमकीने खचलेल्या मुलींसाठी: २०२१ पासून स्टॉपएनसीआयआय (StopNCII) ही मोफत ऑनलाइन सोय आहे. फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी साइट्स त्यावरून तो अडवतात. ही सोय १८ वर्षांवरच्यांसाठी. त्याहून लहान वयातल्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही तशीच सोय आहे.