मदत हवी आहे: खाणीच्या जागेवरचे मातीतले डाग कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. दगडखाणीसाठी घेतलेल्या शेतजमिनीवरचा मातीचा थर निघताना पुरातत्त्वीय देखरेख करायचं काम माझ्याकडे आलंय. खोदयंत्राची बकेट दातांची नको, सपाट धारेची हवी आणि माती पातळ थरांनी काढायची, हे कंत्राटदाराने मान्य केलंय (कुरकुरत का होईना).

अडचण पुढे आहे. नांगरटीच्या थराखाली पिवळसर माती लागली की तिच्यात काळपट गोल डाग दिसतात. काही डाग म्हणजे जुन्या बांधकामाचे खांब रोवायचे खड्डे असावेत, काही नुसती झाडांची कुजलेली मुळं. माती ओली असताना कडा स्पष्ट दिसते, पण उन्हाने वाळली की सगळं एकरंगी. पाणी फवारलं की तेवढ्यापुरता फरक पडतो. डाग अर्धा खणून छेद बघायचा, खांबाच्या खड्ड्याच्या बाजू बहुधा नीट उतरतात आणि मुळांची जागा वेडीवाकडी जाते, हे ठाऊक आहे. पण यंत्र डोक्यावर उभं असताना प्रत्येक डाग खणणार कधी? तुम्ही आधी कोणते निवडता?

शिवाय आधीच्या चुंबकीय सर्वेक्षणात (मातीतले चुंबकीय फरक मोजून गाडलेले अवशेष शोधतात, त्यात) काही आलं नाही, म्हणून खाणवाले निर्धास्त आहेत. एवढे लहान खड्डे त्यात सहज सुटतात, हे त्यांना कसं पटवू?