ओळख लागते, पण पत्र जास्त लागतं

कॉलेजात शिकताना उन्हाळ्यात एखाद्या संशोधन संस्थेत काम करायचं म्हटलं, की ‘ओळखीशिवाय नागपुरात कोणी उभं करत नाही’ असं म्हणतात. हे मत मला अर्धंच पटलं. एकच साचेबद्ध मेल अख्ख्या विभागाला पाठवला, तर उत्तर कोण देणार? मेल साचेबद्ध आहे हे तिथल्या प्राध्यापकांना पहिल्या ओळीतच कळतं.

शिवाय इथे सगळे विद्यार्थी व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेपाशीच अडकलेत. पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडला मृदा सर्वेक्षणवाले आहेत. माझी भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिने कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवरचा एक शोधनिबंध वाचून त्याच्या लेखकाला कामगंध सापळ्यांतल्या (मादीच्या वासाने नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांतल्या) पतंगांच्या मोजणीबद्दल नेमका एक प्रश्न विचारला आणि खाली दोन ओळींत स्वतःची माहिती दिली. उत्तर आलं, ‘कॉलेजचं पत्र घेऊन या.’

खरं घोडं पेंड खातं ते इथे. शास्त्रज्ञ तयार असले तरी सरकारी संस्थेत प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र लागतंच, आणि आपल्याकडे ते विभागप्रमुखांमार्फत जातं; ते परीक्षेच्या ड्युटीवर गेले की ती सही लटकली म्हणून समजा. म्हणून विभागात आधीच बोलून ठेवा. उन्हाळ्यात काम हवं असेल तर मेल जानेवारीतच टाका, एप्रिलमध्ये नाही.