विषय: जर्मनीतल्या आपल्या मंडळाच्या गायनवृंदाची नवी वेबसाइट – आधी गाण्याचं पान

प्रेषक: वेबसाइट गट

नमस्कार मंडळी,

पहिल्या पानावर फिरते फोटो हवेत का, यावर बरीच चर्चा झाली. माझं मत स्पष्ट आहे: नकोत. वृंदातली माणसं साइट उघडतात ती तालमीत, फोनवर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली असताना. त्यांना शब्द हवे असतात. म्हणून गाण्याचं पान आधी नीट करू या, बाकीचं त्याच्याभोवती बसवता येईल.

आत्ता शब्द पीडीएफमध्ये आहेत. फोनवर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते. जुन्या फायली तर युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या, त्यामुळे शोधून काही सापडत नाही आणि नक्कल करून चिकटवलं की भलतीच चिन्हं उमटतात. सगळी गाणी साध्या मजकुरात आणायची आहेत. मात्र रूपांतर करणाऱ्या साधनातून निघालेलं जसंच्या तसं चढवू नका. त्यात ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हमखास बिघडतात. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, आणि ‘आचाऱ्यांना’ जेवायला सांगायचं ते ‘आचार्यांना’ सांगितलं जातं. टाइप करताना ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घ्या, मग हलन्त, मग य. साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही तसंच दिसतं, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. उतरवताना देवनागरी संच घेतलाय ना, ते बघा. नुसता लॅटिन संच चढवला तर इंग्रजी आकडे एका वळणाचे आणि मराठी प्रत्येकाच्या फोनच्या वळणाची दिसते. पानाची भाषा ‘मराठी’ नोंदवायची, ‘हिंदी’ नाही. नोटोमध्ये त्यावरून आपल्या वळणाचे ल आणि श येतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच. आत्ताच्या साइटवर शीर्षकांची शिरोरेखा अक्षरागणिक तुटलेली दिसते, ती इंग्रजी साच्यातल्या वाढीव अंतरामुळेच.

प्रेषक: वृंद संचालन

दादा, गाण्याचं पान आधी, हे अगदी पटलं. त्यात स्वरलिपीसाठी जागा ठेवा. चित्र नको, मजकूरच हवा, म्हणजे दुरुस्ती करता येते. कोमल रे, ग, ध, नि साठी खालची आडवी रेघ म्हणजे अनुदात्ताचं चिन्ह: रे॒, ग॒. तीव्र मध्यमाला वर उदात्ताची उभी रेघ: म॑. तार (वरच्या) सप्तकाला अनुस्वार: सां. मंद्राला (खालच्या सप्तकाला) नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. नुक्ता व्यंजनाला लगेच लावायचा, काना-वेलांटी नंतर. आधी ‘नि’ लिहून मग नुक्ता दिला तर अक्षराखाली टिंबांचं वर्तुळ येतं.

प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर कवी, संगीतकार, ताल आणि पट्टी. पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर षड्ज (सा) धरायचा ती, ‘काळी चार’ अशीच लिहा. स्त्रियांची काळी चार आणि पुरुषांची काळी एक असेल तर पुरुषांचा षड्ज स्त्रियांच्या मध्यमावर येतो. तेव्हा तानपुऱ्याचे दोन वेगळे ट्रॅक लागतील, एकावर भागणार नाही.

सरावाचे ट्रॅक तीन: पेटीसह मुख्य चाल, दुसरा आवाज, आणि नुसता तानपुरा-तबला. चार मिनिटांची डब्ल्यूएव्ही फाइल ४० एमबीच्या आसपास जाते; १२८ केबीपीएसची एमपी३ चारच्या आत बसते. ट्रामने तालमीला येताना ऐकायचं तर एमपी३च. मूळ फाइल मंडळाच्या डिस्कवर जपून ठेवू.

प्रेषक: वेबसाइट गट

ताई, चिन्हांचा छोटा तक्ता टाइप करणाऱ्यांसाठी पानातच देतो. एक विनंती: फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवा. देवनागरीचं एकेक चिन्ह दुव्यात नऊ अक्षरं खातं. नुसत्या ‘सराव’चे छत्तीस होतात, आणि व्हॉट्सॲपवर असा दुवा मध्येच तुटतो.

प्रेषक: सचिव

नमस्कार. फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून थेट ओढू नका, आपल्याच सर्व्हरवर ठेवा. म्युनिकच्या जिल्हा न्यायालयाने २० जानेवारी २०२२ला अशाच प्रकरणात, वाचकाचा आयपी पत्ता संमतीविना गूगलला गेला म्हणून १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. इम्प्रेसुमचा (साइट कोणाची, याच्या कायदेशीर माहितीच्या पानाचा) दुवा प्रत्येक पानाच्या तळाशी हवा. मुलांच्या फोटोंना आईवडिलांची लेखी संमती.

आता शब्दांचे हक्क. गदिमा १९७७ साली गेले. भारतातल्या ६० वर्षांच्या हिशोबाने त्यांचे शब्द २०३७च्या अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. तुकोबांचे शब्द मोकळे, पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती मोकळी नाही. पानाला पासवर्ड लावला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि शोधयंत्रांना ‘येऊ नका’ सांगणारी फाइल म्हणजे कुलूप नव्हे; दुवा मिळाला की कोणीही उघडतो. म्हणून सुरुवात संतरचना आणि आपल्याच चालींनी करू. बाकीच्या गाण्यांची उघड्या पानावर फक्त माहिती, शब्द परवानगी आल्यावर. कार्यक्रमाचे व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर नकोत. यूट्यूबचा गेमाशी (संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या जर्मन संस्थेशी) २०१६पासून करार आहे, तिथे चढवून पानावर ‘दाबल्यावरच सुरू’ असा दुवा द्या.

डोमेन आजही एका जुन्या सभासदाच्या नावावर आहे. ते फेराइनच्या, म्हणजे आपल्या नोंदणीकृत मंडळाच्या नावावर करून घेऊ. डेनिकचा (‘.de’ डोमेनांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) ऑथइन्फो कोड, म्हणजे डोमेन नव्या होस्टिंगकडे नेण्याची किल्ली, ३० दिवसच चालतो, तेव्हा नव्या होस्टिंगचं खातं आधी उघडा आणि मगच कोड मागा.

प्रेषक: वृंद संचालन

वेळापत्रकाबद्दल राहिलंच. पुण्याच्या गुरुजींचा ऑनलाइन वर्ग कॅलेंडरमध्ये भारतीय वेळेने भरलाय. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं हलतात आणि वर्ग एक तास सरकलेला दिसतो. नोंद ‘बर्लिन’ वेळेने करा: इथले संध्याकाळचे सहा, म्हणजे तिकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. दोन्ही वेळा पानावर लिहा. साडेदहा ही त्यांच्यासाठी फार उशिराची वेळ आहे. हिवाळ्यात वर्ग आपण इथल्या दुपारी साडेचारला घेऊ.